बेलर निवडताना: आधी कचरा मोजा, मग मशीन बघा

बेलरची, म्हणजे कचरा दाबून त्याचे ठोकळे बांधणाऱ्या मशीनची, चौकशी करायला गेलात की विक्रेता पाच मिनिटांत विचारतो, "किती टनी दाखवू?" नवखा माणूस इथेच चुकतो. टन हा मशीनच्या दाबाचा आकडा, ऐकायला वजनदार, तुलनेला सोपा, आणि तीस टनीपेक्षा साठ टनी बरा असं कुणालाही वाटतं. मलाही वाटलं होतं. आम्ही पहिला बेलर घेतला तेव्हा दाबाचा आकडा बघितला, माल टाकायचं तोंड बघितलंच नाही. मशीन बसवून झाल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारं खोकं त्या तोंडातून आत जातच नाही. पुढे कितीतरी दिवस दोन माणसं फक्त कटर घेऊन खोकी फाडायला उभी असायची. मशीन चांगलं होतं, पण आमच्या कचऱ्यासाठी नव्हतं.

त्यामुळे इथे कचऱ्यापासून सुरुवात करू आणि मशीनकडे शेवटी जाऊ. बेलरमधून दाबून, तारेने बांधून बाहेर पडणाऱ्या ठोकळ्याला धंद्यात बेल म्हणतात. कापसाच्या बाबतीत मराठीत त्याला गासडी म्हणायची जुनी सवय आहे, मी तोच शब्द वापरतो.

पायरी 1: दोन आठवडे कचरा तोला

काटा आणि वही, एवढंच लागतं. दोन आठवडे, आणि त्यात एखादा गर्दीचा आठवडा यायलाच हवा. रोज किती कचरा निघाला, कोणत्या जातीचा आणि कोणत्या वेळी, या तीन गोष्टी लिहायच्या. "साधारण तीनेक टन निघत असेल" या अंदाजावर मशीन घेऊ नका. सैल पुठ्ठ्याचा ढीग डोळ्याला फार मोठा दिसतो, आणि तोलला की निम्मासुद्धा भरत नाही.

जाती वेगळ्या लिहा: पुठ्ठ्याची खोकी, पॅलेटला गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म, इतर प्लास्टिक पिशव्या, पीईटी बाटल्या, पॅकिंगच्या पट्ट्या, कागद. थर्मोकोल आणि लाकूड बाजूला ठेवा. थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असते आणि त्यासाठी वेगळं मशीन मिळतं. लाकडी पॅलेट बेलरमध्ये टाकायची वस्तूच नाही.

मग सैल मालाची घनता काढा. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि पुढचा सगळा हिशोब हिच्यावरच उभा असतो. एक जाळीची ट्रॉली घ्या. समजा ती 1.2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच आहे, म्हणजे 1.8 घनमीटर. तुमचे लोक रोज जशी खोकी फेकतात तशीच ती भरा, नीट रचू नका. ट्रॉलीचं वजन वजा करून माल 54 किलो भरला, तर घनता झाली 1 घनमीटरला 30 किलो. हीच खोकी चपटी करून रचली तर आकडा सहज दुप्पट होतो. म्हणजे खोकी मोडून टाकायची शिस्त तुम्ही लावू शकलात, तर तेच मशीन जवळपास दुप्पट काम देईल. नाही लावू शकलात, तर मोठ्या तोंडाचं मशीन लागेल. शिस्त लागेल असं गृहीत धरून लहान मशीन घेऊ नका. आज जशी खोकी येतात तशी मोजा.

तिसरी गोष्ट वेळेची. दिवसाला 4 टन आणि 8 तासांची पाळी म्हणजे ताशी 500 किलो, असा सरळ भागाकार सगळे करतात. पण माल उतरवून घेण्याचे दोन तास असतात तेव्हा खोक्यांचा पूर येतो आणि दुपारनंतर मशीन रिकामं बसतं. त्या दोन तासांत ताशी 1.2 टन येत असेल, तर एक तर तेवढ्या वेगाचं मशीन हवं, नाही तर तो ढीग कोरडा आणि आगीपासून सुरक्षित ठेवायला जागा हवी. दोन्ही नसेल तर कचरा वाटेत साचतो, फोर्कलिफ्टचा रस्ता अडतो आणि संध्याकाळी सगळे एकमेकांवर चिडतात.

पायरी 2: गासडी घेणाऱ्याला आधी विचारा

बेलर घ्यायच्या आधी गासड्या कोण घेणार हे ठरवा आणि त्याच्याशी बोला. विचारायचं ते असं: गासडीची लांबी-रुंदी किती चालते, किमान वजन किती हवं, तार चालते की पट्टी, ओल किती चालते, आणि एकाच गासडीत किती भेसळ खपते.

कागद गिरण्यांना थेट जाणाऱ्या गासडीला धंद्यात 'मिल साइज' म्हणतात. ती साधारण 1.5 मीटर × 1.2 मीटर × 0.75 मीटरच्या आसपास असते आणि पुठ्ठ्याची असेल तर 400 ते 500 किलो किंवा जास्त भरते. लहान उभ्या बेलरची गासडी 50 ते 100 किलोची असते. ती बहुधा मधल्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि तो ती फोडून पुन्हा मोठी बांधतो. त्या दुसऱ्या बांधणीचा खर्च तुमच्या दरातूनच वजा होतो.

ओल हा वादाचा नेहमीचा विषय. पुनर्वापराच्या कागदासाठी असलेल्या ईएन 643 या युरोपीय प्रमाणात ओलीची रेषा 10 टक्क्यांवर धरली आहे. त्यावर जितकी ओल, तितकं वजन कापलं जाऊ शकतं. जुन्या पुठ्ठ्याच्या अमेरिकी वर्गवारीत निषिद्ध वस्तू 1 टक्का आणि एकूण नको असलेला माल 5 टक्के, अशा मर्यादा आहेत. तुमचा खरेदीदार नेमकं कोणतं प्रमाण मानतो ते लेखी घ्या. पावसात भिजलेला पुठ्ठा दाबला की कोरडा होत नाही, उलट ओल आत कोंडते आणि चार दिवसांनी वास येतो.

गासड्या समुद्रामार्गे जाणार असतील तर घनतेला आणखी किंमत येते. 40 फुटी कंटेनरमध्ये आतली जागा सुमारे 67 घनमीटर असते, आणि गासड्यांच्या फटी धरल्या तर ती सगळी वापरता येत नाही. त्यात 25 टन भरायचे तर गासडीची घनता 1 घनमीटरला 400 किलोच्या पुढेच लागते. सैल गासड्यांचा कंटेनर जागेने भरतो, वजनाने अर्धवट राहतो, आणि भाडं मात्र पूर्ण लागतं.

पायरी 3: मशीनची जात ठरवा

आता कुठे मशीनकडे यायचं.

उभा बेलर: वरून रॅम, म्हणजे माल दाबणारा जाड पाट, खाली येतो, समोर दार, हाताने माल टाकायचा, हाताने तार ओवायची. जागा कमी लागते, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. पण माणूस सतत उभा लागतो. साधा हिशोब करा. मिल साइज उभ्या बेलरची 400 किलोची गासडी, प्रत्येक भरणीत 15 किलो पुठ्ठा, म्हणजे 27 भरण्या. भरायला आणि दाबायला मिळून 2 मिनिटं धरली तर 54 मिनिटं, वर बांधून बाहेर काढायला 10 मिनिटं. तासाला एक गासडीही पुरती होत नाही. एका पाळीत जेवणखाण, खोळंबे धरून सहा गासड्या झाल्या तर चांगलं काम झालं म्हणायचं, म्हणजे 2.4 टन. तेही एक माणूस पूर्णवेळ त्याच कामाला लावून. रोज एक-दीड टनापर्यंत उभा बेलर उत्तम. त्यापुढे तो माणसांना खातो.

आडवा बेलर, बंद दाराचा: रॅम आडवा चालतो, शेवटी दार असतं, गासडी पूर्ण झाली की थांबून बांधायची. दाब चांगला बसतो, वेगवेगळा माल एकामागून एक घेता येतो, कारण प्रत्येक गासडीनंतर माल दाबायची खोली पूर्ण रिकामी होते. मध्यम प्रमाणासाठी मला हा प्रकार सर्वात समंजस वाटतो.

आडवा, उघड्या तोंडाचा, स्वतः तार बांधणारा: याला शेवटी दार नसतं. पुढे सरकणाऱ्या गासडीला बाजूच्या भिंती हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, आवळून धरतात आणि त्या घर्षणावर मागचा माल दाबला जातो. तार मशीनच ओवतं, मशीनच पिळतं. एकाच जातीचा पुठ्ठा अखंड येत असेल तर याला तोड नाही. पण जात बदलली की सांध्यावरच्या गासडीत दोन्ही माल मिसळतात. दिवसातून पाच वेळा माल बदलणाऱ्या जागी हे मशीन घेतलं तर रोज पाच वादग्रस्त गासड्या निघतील.

दोन रॅमचा: एक रॅम दाबतो, दुसरा गासडी बाजूला ढकलतो. पुठ्ठा, फिल्म, बाटल्या, डबे असं सगळं मोठ्या प्रमाणात येणाऱ्या वर्गीकरण केंद्रांसाठी. महाग, जड, जागा खाणारा, पण मिश्र जातींवर याचा हात धरणारा कुणी नाही.

पायरी 4: माहितीपत्रकातले आकडे वाचायला शिका

टनांचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. तो किती क्षेत्रावर पसरतो ते बघा. 50 टनी मशीनच्या रॅमचा चेहरा 120 × 75 सेंटिमीटर असेल, म्हणजे 9,000 चौरस सेंटिमीटर, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 5.6 किलो दाब. 30 टनी मशीनचा चेहरा 80 × 50, म्हणजे 4,000 चौरस सेंटिमीटर, तर 7.5 किलो. "लहान" मशीन जास्त कचकचून दाबतंय. त्याची गासडी लहान होईल हे खरं, पण घट्टपणा चेहऱ्यावरच्या दाबावर ठरतो.

सांगितलेले टन खरे आहेत का, हेही कागदावर तपासता येतं. रॅम ढकलणाऱ्या सिलिंडरच्या आतला व्यास आणि पंपाचा चालू दाब विचारा. 150 मिलिमीटर व्यास म्हणजे सुमारे 177 चौरस सेंटिमीटर क्षेत्र. 200 बार दाबाला त्यातून साधारण 36 टन निघतात. अशा एकाच सिलिंडरवर कुणी 60 टन सांगत असेल, तर त्याला सव्वातीनशे बारच्या वर दाब लागेल. मग पंप, होज (तेलाच्या नळ्या) आणि व्हॉल्व्ह रोज तेवढं सोसणारे आहेत का, हे विचारायलाच हवं. दोन सिलिंडर असतील तर गोष्ट वेगळी.

आता 'ताशी किती टन' हा आकडा. सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश बघू. एका आडव्या बेलरच्या पत्रकावर ताशी 5 टन लिहिलंय असं धरा. माल पडायची खोली 1.5 घनमीटर, सायकल, म्हणजे रॅमची एक ये-जा, 30 सेकंद. खोली प्रत्येक वेळी शिगोशीग भरत नाही, 70 टक्के धरा, म्हणजे 1.05 घनमीटर. कन्व्हेयरवरून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, येणारा पुठ्ठा 1 घनमीटरला 40 किलो असेल तर एका फटक्यात 42 किलो. तासाला 120 फटके, म्हणजे 5 टन. हिशोब बरोबर दिसतो.

पण यात बांधणी नाही. 450 किलोच्या गासडीला 11 फटके, म्हणजे साडेपाच मिनिटं. हाताने तार बांधायला 4 मिनिटं. एका गासडीला साडेनऊ मिनिटं, तासाला सहा गासड्या, म्हणजे 2.7 टनांच्या आसपास. आणि तुमच्या मालाची घनता 40 ऐवजी 30 असेल, तर फटके वाढून आकडा आणखी उतरेल. खोटं कुणी बोललं नाही, फक्त पत्रकातला तास आणि कामाचा तास वेगळा आहे. म्हणून विक्रेत्याला असं विचारा: "माझ्या 30 किलो घनतेच्या मालावर, बांधणी धरून, एका तासात किती गासड्या?" उत्तर लेखी मागा. सायकलची वेळ रिकाम्या रॅमची आहे की भरलेल्या, हेही विचारा. दोन्हींत मोठा फरक पडतो.

आणि तोंड. तुमचं सगळ्यात मोठं खोकं घेऊन जा आणि तोंडावर धरून बघा. मी आता मोजपट्टीवर विश्वास ठेवत नाही, खोकंच घेऊन जातो. लांब खोकं तोंडावर आडवं पडून पूल तयार करतं, त्यावर बाकीचा माल साचतो, आणि मग कुणीतरी काठीने ढोसायला जातं. अपघाताची सुरुवात इथूनच होते. अडणाऱ्या मालासाठी काही मशीनना वरून ढकलणारी झडप असते, काहींच्या आधी खोकी फाडून सैल करणारं यंत्र लावतात. तोंडाच्या कडेवर पातं असतं, ते बाहेर राहिलेला माल कापतं. ते पातं बदलता येतं का, उलटवून वापरता येतं का, फट कशी जुळवायची, हे बघून घ्या. बोथट पात्यावर मोटर रडते.

पायरी 5: मालाचा स्वभाव

पुठ्ठा गरीब माल. दाबला की बसतो, फारसा उसळत नाही.

स्ट्रेच फिल्मचं तसं नाही. रॅम मागे गेला की ती फुगून वर येते आणि पुढची भरणी करायला जागाच राहत नाही. म्हणून फिल्मसाठी घ्यायच्या मशीनच्या खोलीत दाबलेला माल अडवून धरणारे दाते हवेत. दाते आहेत का, किती रांगा आहेत, झिजले तर बदलता येतात का, हे वाकून, आत टॉर्च मारून बघा. फिल्म पात्यातही गुंडाळली जाते. आणि पारदर्शक फिल्म रंगीत फिल्मपासून वेगळी ठेवा, दोन्ही एकत्र दाबलीत तर रंगीतचाच भाव मिळेल.

पीईटी बाटल्यांची झाकणं लावलेली असली तर आत हवा कोंडलेली असते आणि बाटली चेंडूसारखी परत फुगते. मोठ्या प्रमाणात बाटल्या असतील तर आधी भोकं पाडणारं यंत्र लागतं, नाही तर तारा जास्त आणि जाड. उरलेलं पेय बाहेर निघून खाली गळतं, त्यासाठी मशीनखाली तबक हवं. ही बाब कुणी सांगत नाही, आणि मग जमीन चिकट होऊन माणसं घसरतात.

बॅटऱ्या, स्प्रेचे डबे, गॅसची लहान नळकांडी, काच आणि द्रव भरलेले डबे आत जाता कामा नयेत. लिथियम बॅटरी चिरडली की पेट घेते, आणि पुठ्ठ्याच्या गासडीत ती आग आतल्या आत धुमसत राहते. कचरा येतो तिथेच निवडायचा, बेलरच्या तोंडाशी आल्यावर नाही.

पायरी 6: तार

तारेचा खर्च महिन्याच्या शेवटी जाणवतो, म्हणून तो सुरुवातीलाच विचारा. हाताने बांधायची तार मऊ केलेली काळी असते, पिळायला सोपी. स्वयंचलित मशीनला त्याच्या मापाची ठरावीक ताकदीची तार रिळावर लागते, आणि स्वस्त तार घातली की गाठ मारणारी यंत्रणा वारंवार अडते. लहान गासडीला प्लास्टिक पट्टीही चालते. एका गासडीला किती तारा, प्रत्येक किती मीटर, हे गुणून वर्षाचा आकडा काढा. मग दुसऱ्या मशीनशी तुलना करा.

पायरी 7: जागा, जमीन, वीज

उभा मोठा बेलर बहुधा आडवा झोपवून आणतात आणि जागेवर उभा करतात. तीन मीटर उंचीचं मशीन तीन मीटरच्या छताखाली उभं राहत नाही, कारण उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो. दारांची उंची, वळणं, वरचे पाइप आणि दिवे, सगळ्याचं माप घ्या. समोर दार उघडून गासडी बाहेर पडेल आणि फोर्कलिफ्ट वळेल एवढी मोकळी जागा हवी. आडव्या बेलरला गासडी बाहेर सरकायला मशीनच्या पुढे आणखी काही मीटर लागतात.

उभं मशीन दोन-तीन टनांचं असतं, मोठं आडवं दहा टनांपासून चाळीस टनांपर्यंत जातं. स्थापत्य अभियंत्याकडून काँक्रीट तपासून घ्या. विजेसाठी बहुधा तीन फेज लागतो. उभ्याची मोटर साधारण 5 ते 10 किलोवॅटची, मोठ्या आडव्याची 22 पासून 75 किलोवॅट आणि पुढेही. मोटर सुरू होतानाचा झटका तुमच्या जोडणीला झेपतो का, हे विजेच्या माणसाला दाखवा.

हायड्रॉलिक तेल 60 अंश सेल्सिअसच्या वर सतत जात असेल तर ते पातळ होतं, सील लवकर जातात आणि दाब पडतो. सलग पाळ्या चालवायच्या असतील तर तेल थंड करणारा कूलर मागा, आणि तो पुठ्ठ्याच्या धुळीने चोंदणार नाही अशा बाजूला लावायला सांगा. धूळ आणि गळणारं तेल एकत्र आलं की आगीचं साहित्यच जमतं.

पायरी 8: सुरक्षा, इथे तडजोड नाही

आतापर्यंतच्या पायऱ्यांत चुकलात तर पैसे जातात. इथे चुकलात तर माणूस जातो.

आडव्या बेलरसाठी ईएन 16252, उभ्यासाठी ईएन 16500 ही युरोपीय सुरक्षा प्रमाणं आहेत, अमेरिकेत अन्सी झेड 245.5 आहे. मशीन कोणत्या प्रमाणाला धरून बनवलंय, हे प्रमाणपत्रासह मागा. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणून थांबू नका. दाखवायला नेतील तेव्हा रॅम चालू असताना माल टाकायचं झाकण उघडायला सांगा. रॅम तत्क्षणी थांबला पाहिजे. जरा पुढे जाऊन थांबला, किंवा "आत्ता तो स्विच काढून ठेवलाय" असं उत्तर आलं, तर तिथून निघा. आणीबाणीचं लाल बटण माणूस जिथे जिथे उभा राहतो तिथून हाताला लागतं का, ते स्वतः उभं राहून बघा.

कन्व्हेयरने माल भरणार असाल तर धोका दुप्पट. पट्ट्यावर पडलेला किंवा चढलेला माणूस थेट खोलीत जातो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ओढून थांबवायची दोरी पूर्ण लांबीभर हवी, जमिनीच्या पातळीवरच्या पट्ट्याभोवती कठडा हवा. अंगावरच्या टॅगवरून माणूस ओळखून पट्टा थांबवणारी यंत्रणाही मिळते. मोठ्या जागी तिचा खर्च मी कधीच कापणार नाही.

मोठे अपघात अडकलेला माल मोकळा करताना आणि साफसफाई करताना होतात. "दोन मिनिटांचं काम आहे" असं म्हणत माणूस आत वाकतो. म्हणून नियम असा: आत हात जरी घालायचा असेल तरी मुख्य स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, हायड्रॉलिक दाब उतरवलेला, उभ्या बेलरचा रॅम खाली टेकवलेला किंवा आधार लावलेला. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. त्या स्विचला कुलूप लावायची सोय आहे का, हे खरेदीच्या वेळीच बघा.

आणखी चार गोष्टी रोजच्या. उभ्या बेलरचं दार आतल्या गासडीच्या रेट्याखाली असतं. चाक फिरवत हळूहळू सैल होणारी कडी हवी, एका फटक्यात सुटणारी नको. तार कापताना ती चाबकासारखी उडते, बाजूला उभं राहायचं, चष्मा आणि जाड हातमोजे घालायचे. आणि होज गळतोय का हे हाताने कधीही चाचपायचं नाही. त्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायचा. 18 वर्षांखालच्या कुणालाही मशीन चालवायला द्यायचं नाही.

पायरी 9: आपला माल घेऊन चाचणी

विक्रेत्याच्या दालनात कोरा, कोरडा, चपटा पुठ्ठा दाबून दाखवतात. त्यावरून काही ठरवू नका. स्वतःच्या कचऱ्याच्या दोन-तीन गाड्या घेऊन जा: न मोडलेली खोकी, फिल्म, चिकटपट्टी, सगळं जसंच्या तसं. घड्याळ लावा. पहिल्या भरणीपासून गासडी बाहेर पडेपर्यंतची वेळ लिहा, अशा किमान तीन गासड्या करा. प्रत्येक तोला, तिन्ही बाजू मोजा, घनता काढा.

मग ती गासडी तिथेच 24 तास ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. किती फुगली? तार मालात रुतली की तुटली? फोर्कलिफ्टने दोनदा उचलून ठेवा. आमची एक फिल्मची गासडी बाहेर पडली तेव्हा देखणी दिसत होती, सगळ्यांनी फोटो काढले. सकाळी आलो तर मधल्या दोन तारा तुटलेल्या आणि ती एका बाजूने पोट सुटल्यासारखी फुगलेली. ते मशीन आम्ही घेतलं नाही. एक रात्र थांबल्यामुळे वाचलो.

ते मशीन आधीच वापरणाऱ्या एखाद्या जागी जाऊन बघता आलं तर फारच बरं. मालकाशी बोला, पण जास्त वेळ चालवणाऱ्या माणसाजवळ उभे राहा. त्याने काठी कुठे टेकवून ठेवलीय ते बघा. काठी तोंडाशी टेकलेली असेल तर मशीन अडतं.

पायरी 10: करारात काय लिहून घ्यायचं

तुमच्या मालावर गासडीचं किमान वजन आणि तासाला किती गासड्या, हे करारात आकड्याने असू द्या, आणि शेवटचा हप्ता ते सिद्ध झाल्यावर. सील, होज, लिमिट स्विच, पातं आणि दाते हे भाग किती दिवसांत मिळतात ते लिहून घ्या. पहिला संच मशीनबरोबरच मागा. बंद पडलं तर माणूस किती तासांत येणार, तेही. जुनं मशीन घेत असाल तर खोलीच्या तळाची आणि भिंतींची पत्र्याची जाडी मोजा, रॅमला झुकाव आला आहे का बघा, आणि सगळे इंटरलॉक (झाकण किंवा दार उघडताच मशीन थांबवणारे स्विच) वर सांगितल्याप्रमाणे एकेक करून तपासा. कुणीतरी ते तारेने बांधून निकामी केलेले असण्याची शक्यता जुन्या मशीनमध्ये बरीच असते.

मशीन बसलं की वही बंद करू नका. पहिले तीन महिने प्रत्येक गासडीचं वजन, वेळ आणि तेलाचं तापमान लिहा. माल तोच असताना गासडी 460 किलोवरून 430 वर, मग 410 वर यायला लागली, तर सिलिंडरचं सील आतून गळतंय किंवा दाबाचा व्हॉल्व्ह सैल झालाय. गासडी हातात घट्टच लागते आणि चालवणाऱ्याला काहीच वेगळं जाणवत नाही, वहीत मात्र ते आधी दिसतं.